बर्फात गाडी न्यायचीय? मग एबीएस, ईएसपी आणि ट्रॅक्शनचं बटण आधी बेळगावातच समजून घ्या

दिवाळी झाली की आपल्याकडं मनाली, सिस्सू, गुलमर्गचे प्लॅन सुरू होतात, आणि विमान-टॅक्सी सोडून केए-२२ ची, म्हणजे बेळगाव नंबरची स्वतःची गाडी घेऊनच जायचं म्हणणारे प्रत्येक ग्रुपात दोघंतिघं तरी असतातच. दोन हजार किलोमीटरच्या वर अंतर, त्याचं काही वाटत नाही, हायवेची सवय आहे. बर्फाचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "नवीन गाडी आहे की, एबीएस आहे, ईएसपी आहे, काय होतंय?" खरं ईएसपी म्हणजे नेमकं काय करतंय, मीटरवर तो घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला तर आपण काय करायचं, आणि तो बंद करायचं बटण कधी दाबायचं, हे विचारलं की गप्प. शोरूमवाल्यानं गाडी देताना हार घातला, पेढे दिले, हे काही सांगितलं नाही. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहायलोय, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, पुढं जर्मनी-कॅनडाला नोकरीला जाऊन तिकडं गाडी चालवायला लागणार असेल त्यांनाही चालेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. एबीएस ब्रेक मारताना चाकं सांभाळतं, ट्रॅक्शन कंट्रोल रेस देताना, ईएसपी घसरणारी गाडी सावरतं, खरं यातली कुठलीच सिस्टिम टायरला नवीन पकड देत नाही. रस्त्यावर जेवढी पकड शिल्लक आहे तेवढीच ती चार चाकांत नीट वाटते. उसाला पाणी पाजताना दारं मोडणारा माणूस कितीबी हुशार असला तरी विहिरीत पाणी नसेल तर कुठल्या सरीला काय पाजणार, तसंच आहे हे. ताशी ४० च्या स्पीडला पूर्ण ब्रेक मारला तर कोरड्या डांबरावर गाडी साधारण ८ मीटरमध्ये थांबते, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तीच गाडी २५ मीटरच्या आसपास जाते, आणि पाणी गोठून झालेल्या निसरड्या थरावर ६० मीटरच्या वर. हे नुसतं ब्रेक लागल्यानंतरचं अंतर, पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं वेगळं. तिथं एबीएस असो नसो, ६० मीटरचे ८ मीटर होत नाहीत.

गाडीत काय काय आहे ते बघा

इग्निशन ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि मीटर बघा. एबीएसचा दिवा आणि घसरणाऱ्या गाडीचा दिवा, मागं नागमोडी रेघा असतात तो, हे दोन्ही पेटून काही सेकंदांत विझले पाहिजेत. घसरणाऱ्या गाडीचा दिवा पेटतच नसेल तर बहुतेक तुमच्या गाडीत ईएसपी नाहीच. एबीएस आपल्याकडं एप्रिल २०१९ पासून सगळ्या नवीन कारना सक्तीचं झालं, ईएसपीचं तसं नव्हतं, त्यामुळं पाच-सहा वर्षं जुन्या कमी किमतीच्या व्हेरियंटमध्ये ते नसण्याची शक्यता भरपूर. ऑक्टोबर २०२३ ला भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आदळवून सुरक्षिततेचे स्टार द्यायची टेस्ट, सुरू झालं, त्यात तीन स्टार आणि वरचं रेटिंग घ्यायला हे लागतंच, म्हणून आता छोट्या गाड्यांतसुद्धा यायलंय. नावावरून गोंधळू नका, कोण ईएसपी म्हणतंय, कोण ईएससी, कोण व्हीएससी, काम एकच.

तीन गोष्टी आहेत. एबीएस ब्रेक मारताना चाक लॉक होऊ देत नाही, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरत जाऊ देत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल रेस देताना चाक जाग्यावर फिरू देत नाही, त्यासाठी इंजिनची ताकद कमी करतं आणि फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं. ईएसपी या दोघांच्या वरचं, तुम्ही स्टिअरिंग कुठं वळवलंय आणि गाडी खरंच कुठं वळायलीय याचा मेळ ते सतत घालत असतं, दोन्हीत फरक पडला की एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी ओढून आणतं. नाक सरळच चाललंय, वळत नाही, तर आतल्या बाजूचं मागचं चाक धरतं. मागचा भाग बाहेर निघाला तर बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक धरतं. माणसाला एकच ब्रेक पेडल असतंय, चार नाहीत, त्यामुळं हे काम कितीबी जुना ड्रायव्हर असला तरी पायानं जमत नाही. ज्यांना वाटतं ईएसपी म्हणजे नवशिक्यांची खेळणी, त्यांनी एवढं एकच लक्षात घ्यावं.

दिव्याचा नियम सोपा आहे. दिवा लुकलुकतोय म्हणजे सिस्टिम काम करायलीय, रस्ता निसरडा आहे, स्पीड कमी करा. दिवा पेटून तसाच राहिलाय म्हणजे एक तर तुम्ही बटणानं बंद केलंय नाहीतर फॉल्ट आहे. एकटा एबीएसचा दिवा पेटून राहिला तर साधा ब्रेक लागतो, फक्त चाक लॉक होऊ शकतं. एबीएस आणि लाल ब्रेकचा दिवा दोन्ही पेटले तर मात्र हळूहळू बाजूला घ्या आणि थांबा, तसंच पुढं घाटात जाऊ नका.

प्रॅक्टिस इथंच करा, मनालीत नको

आपल्याला निसरडं काय असतं हे शिकवायला हिमालय लागत नाही. जून-जुलैत जांबोटी, कणकुंबीकडं जावा, नाहीतर खानापूर भागातल्या कुठल्याबी कच्च्या रस्त्याला, ती लाल माती एकदा भिजली की चालत जाणारा माणूससुद्धा आडवा होतोय. गळीत हंगामात चिक्कोडी, संकेश्वर, निपाणीकडं ट्रॅक्टर-ट्रॉल्या शेतातनं थेट डांबरी रस्त्यावर येतात, चाकाचा चिखल रस्त्यावर पडतो आणि त्यात अवकाळीची एक सर आली की बघायला नको. बर्फाएवढं ते निसरडं नसतं, खरं सिस्टिम जागी होताना कशी वाटते ते कळायला पुरेसं आहे.

एबीएसची प्रॅक्टिस अशी. शहराबाहेर प्लॉट पाडून ठेवलेले, घरं न झालेले लेआउट भरपूर आहेत, तिथला सरळ मोकळा रस्ता बघा, पाऊस पडून गेलेला असेल तर उत्तम. मागं कोणी नाही, कुत्रं-गुरं नाहीत हे बघून, ३०-४० च्या स्पीडला क्लच आणि ब्रेक दोन्ही एकदम, पूर्ण जोरानं दाबा आणि गाडी थांबेपर्यंत सोडू नका. पायाखाली पेडल धडधडायला लागेल, पुढनं कर्रर्र असा आवाज येईल, पेडल पाय मागं ढकलायलंय असं वाटेल. पहिल्यांदा बरेच लोक इथं पाय उचलतात, काहीतरी मोडलं म्हणून. तेच तर काढून टाकायचंय. ती धडधड म्हणजे सेकंदाला कितीतरी वेळा ब्रेक सोडून धरायचं काम चाललंय. दुसऱ्या फेरीला असाच ब्रेक दाबून धरलेला असताना स्टिअरिंग थोडं वळवा, गाडी वळते. एबीएसचा खरा उपयोग हाच आहे, अंतर कमी करणं नव्हे तर ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येणं.

घरातली ज्येष्ठ मंडळी, ज्यांनी जुनी ट्रॅक्स नाहीतर ॲम्बॅसेडर चालवलीय, ती सांगतात ब्रेक पंप कर, दाबून धरू नको. त्यांच्या गाडीला ते बरोबर होतं. एबीएसच्या गाडीत पंप केला तर उलट अंतर वाढतंय.

ट्रॅक्शनसाठी ओल्या लाल मातीवर, सपाट जागेला, फर्स्ट गिअरमध्ये जरा जास्त रेस देऊन बघा. इंजिन दबल्यासारखं होईल, रेस दिली तरी गाडी उचल खाणार नाही, दिवा लुकलुकेल. मग बटणानं ट्रॅक्शन बंद करून तेच करा, फरक कळेल. ही प्रॅक्टिस चोर्ला, आंबोली नाहीतर अनमोड घाटात करायची नाही, तिथं एका बाजूला दरी, एका बाजूला गोव्याची बस. घाटात पावसात वळणावर दिवा लुकलुकला तर त्याचा अर्थ तुम्ही जोरात चाललाय, एवढंच.

निघायच्या आधी

टायर. बाकी सगळं नंतर. पूर्ण यंत्रणा शेवटी त्या चार तळहाताएवढ्या रबरावर उभी असते आणि टायर गुळगुळीत झाला की ईएसपीला धरायला काही राहत नाही. कायद्यानं नक्षीची खोली १.६ मिलिमीटर चालते, बर्फासाठी ४ मिलिमीटर तरी पाहिजे. आपल्याकडचे टायर उन्हाळ्याच्या हिशोबाचे असतात, थंडीत त्यांचं रबर कडक होतं. युरोपात मिळतात तसे डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले विंटर टायर इथं पंक्चरवाल्याकडं सहज मिळत नाहीत, त्यामुळं आपला उपाय म्हणजे चेन, टायरवर चढवायची साखळी. जर्मनीत मात्र रस्त्यावर बर्फ असेल तर विंटर टायर कायद्यानंच लागतात, तिकडं जाणाऱ्यांनी चेनवर भागवायचा विचार करू नये.

चेन तुमच्या टायर साइजचीच घ्या आणि निघायच्या आधी घरासमोर एकदा लावून, काढून बघा. हातमोजे घालून बघा, कारण तिथं बोटं बधिर झालेली असतात आणि मागं पन्नास गाड्या हॉर्न मारत असतात. चेन ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांना लावायची, आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची चाकं.

टायरची हवा तिकडं पोचल्यावर, सकाळी गाडी थंड असताना परत चेक करा. तापमान साधारण ५-६ अंश उतरलं की एक पीएसआय हवा कमी दिसते. बेळगावात दुपारी ३० अंशाला भरलेली हवा उणे पाच अंशाला पाच-सहा पीएसआयनं खाली आलेली असू शकते, उंचीमुळं थोडी भरपाई होते, खरं पूर्ण नाही. मीटरवर टायरचा दिवा पेटला तर पंक्चर समजून घाबरू नका, आधी हवा मोजा. बर्फात जास्त पकड मिळते म्हणून हवा फार उतरवणारे पण असतात, डांबरी रस्त्यावर परत यायचंय हे ते विसरतात.

बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर टेस्ट करून घ्या. थंडीत बॅटरीची ताकद उतरते, व्होल्टेज पडलं की एबीएस-ईएसपीचे दिवे विनाकारण पेटतात आणि तिथं मेकॅनिक शोधत बसायला लागतं. कूलंट आणि काचेवर फवारायचं पाणी दोन्ही न गोठणारं पाहिजे, नळाचं पाणी भरलं असेल तर काढा.

बर्फावर गेल्यावर

डॅशबोर्डवरचं बाहेरचं तापमान ३-४ अंशाला आलं की सावध व्हा, शून्याची वाट बघू नका. शून्याच्या आसपासचा बर्फ सगळ्यात निसरडा, कारण वर पाण्याचा पातळ थर असतो. पूल आणि सावलीतली वळणं आधी गोठतात. रस्ता नुसता ओला दिसतोय आणि समोरच्या गाडीच्या चाकातनं पाणी उडत नाही, तर ते पाणी नव्हे. अटल बोगदा ९ किलोमीटरचा, आत कोरडा खडखडीत, गाडी स्पीड पकडते, आणि पलीकडं लाहौलच्या तोंडाला बाहेर पडलं की एकदम गोठलेला रस्ता. बोगदा संपायच्या आधीच स्पीड उतरवा, बाहेर पडल्यावर ब्रेक मारायला लागू नये.

गाडी हलवताना सेकंड गिअर, क्लच सावकाश, रेस नावापुरती. ऑटोमॅटिकमध्ये स्नो मोड असेल तर लावा, नसेल तर मॅन्युअलमध्ये घेऊन दोनवर टाका. इलेक्ट्रिक गाडीत रीजन, म्हणजे पाय उचलल्यावर मोटरनं गाडी धरून बॅटरी भरायची सोय, सगळ्यात कमीवर ठेवा, नाहीतर पाय उचलल्यावर मोटर चाकांना धरते आणि निसरड्यावर तेवढंच घसरायला पुरतं. हिल होल्ड दोनेक सेकंद ब्रेक धरून ठेवतं, चढावर उपयोगी आहे, खरं खाली गोठलेलं असेल तर धरलेल्या चाकासकट गाडी मागं सरकते.

ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाच्या बराच आधी. वळणात फक्त वळायचं. वळताना दिवा लुकलुकला तर रेसवरचा पाय सावकाश काढा, नजर आणि स्टिअरिंग जिकडं जायचंय तिकडं ठेवा आणि अर्धा सेकंद थांबा, ईएसपीला काम करू द्या. गाडी वळत नाही म्हणून स्टिअरिंग अजून अजून फिरवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी सवय, त्यात होतं काय, पुढची चाकं इतकी तिरकी होतात की ती नुसती घासत जातात, आणि अचानक कोरडा तुकडा आला की गाडी त्या दिशेला झटक्यानं उडी मारते. थोडं सरळ करा, पकड परत येऊ द्या, मग वळवा.

ताज्या भुसभुशीत बर्फात एबीएसमुळं थांबायचं अंतर थोडं वाढतं हे माहीत असू द्या. लॉक झालेलं चाक समोर बर्फाचा ढीग जमवतं आणि त्याला अडून थांबतं, एबीएस तो ढीग होऊ देत नाही. म्हणून एबीएसचा फ्यूज काढणारे महाभाग पण आहेत, ते करू नका, घाटात वळता येणं जास्त महत्त्वाचं.

चढापेक्षा उतार अवघड. सेकंड नाहीतर फर्स्ट गिअरमध्ये, चढायच्या गिअरपेक्षा एक खालचाच, इंजिनच्या ओढीवर उतरा. गिअर खाली टाकताना क्लच झटक्यानं सोडला तर पुढची चाकं क्षणभर ब्रेक मारल्यासारखी धरतात आणि गाडी सरळ निघते, सावकाश सोडा. हिल डिसेंट असेल तर उताराला लागायच्या आधी चालू करा, ते चाकांना लागेल तसा ब्रेक लावून स्पीड धरून ठेवतं, तुम्ही फक्त स्टिअरिंग बघा. आणि एक, माणूस चालतो तेवढ्या स्पीडच्या खाली एबीएस काम करणं सोडून देतं. तीव्र उताराला, गोठलेल्या जागेवर ब्रेक दाबून धरला तर चाकं लॉक होऊन गाडी आडवी सरकायला लागते. तिथं ब्रेक क्षणभर सोडा, चाक फिरू द्या, गाडी सरळ होते. मनाला पटत नाही, पाय उचलवत नाही, तरी तेच करायचं.

रुतली तर बटण

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पुढची दोन्ही चाकं खोल बर्फात रुतलीत, रेस देताय आणि इंजिन दबतंय, गाडी हलत नाही, अशा वेळी ट्रॅक्शन बंद करायचं. सिस्टिमला वाटतं चाक फिरतंय, ताकद काप, आणि तुम्हाला तर थोडं फिरायलाच पाहिजे असतं. बऱ्याच गाड्यांत बटण एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन बंद होतं, काही सेकंद दाबून धरलं की ईएसपीपण जातं, तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा. मग सेकंड आणि रिव्हर्स असं हलक्या रेसवर पुढं-मागं झुलवत काढा. चाक गरागरा फिरवू नका, खालचा बर्फ घासून अजून गुळगुळीत होतो. पायाखालचं रबरी मॅट नाहीतर मूठभर वाळू चाकासमोर टाकली तर काम लवकर होतंय.

खरं एकच चाक निसरड्यावर आहे आणि दुसरं डांबरावर, तर बंद करू नका. तिथं ट्रॅक्शनच फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडं पाठवतं. रेस एकसारखी धरून ठेवा, थोडं घरघरेल आणि गाडी निघेल.

निघाल्या निघाल्या बटण परत चालू करा. इंजिन बंद करून चालू केलं की बहुतेक गाड्यांत ते आपोआप चालू होतं, तरी दिवा बघून खात्री करा. चेन लावल्यावर हेच बटण लागू शकतं, चेन लावून ३०-४० च्या वर जायचं नाही, आणि डांबर लागलं की लगेच काढायची, नाहीतर तुटून फेंडर फाडते.

फोर बाय फोरवाल्यांना एक शब्द. चार चाकांना ताकद गेली की चढायला, निघायला मदत होते. थांबताना सगळ्या गाड्यांना चारच चाकांचा ब्रेक असतो, तुमच्यापण आणि मागच्या छोट्या हॅचबॅकच्यापण.

अडास, म्हणजे कॅमेरा-रडारनं ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा, असेल तर बर्फात क्रूझ कंट्रोल बंद, लेन असिस्ट बंद, कारण रस्त्यावरचे पट्टे त्याला दिसतच नाहीत आणि चाकाच्या खुणांनाच पट्टे समजून ते स्टिअरिंग ओढू शकतं. आपोआप ब्रेक लावणारं राहू द्या, भरवसा ठेवू नका. पुढच्या ग्रिलमागचा रडार आणि काचेवरचा कॅमेरा दर थांब्याला हातानं पुसा.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, ओला असेल तर गोठून सकाळी सुटत नाही. सपाट जागा, गिअरमध्ये, चाकाला दगड, वायपर उचलून. बर्फ पडल्यावर मनालीच्या पुढं पोलीस बऱ्याचदा फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्यांनाच सोडतात, तिथं "आम्ही बेळगावहून आलोय" सांगून काही होत नाही, गाडी खाली लावा आणि तिथल्या पोराची गाडी करून जावा. परत आल्यावर वॉशिंगला टाकताना चारी चाकांच्या आतल्या बाजूला, जिथं एबीएसचा सेन्सर आणि त्याची वायर असते, तिथं पाण्याचा जोर लांबूनच मारायला सांगा, अडकलेली वाळू निघाली पाहिजे आणि वायर जाग्यावर राहिली पाहिजे.